आधी हद्द, मग गटार!

शहराची हद्द एका अधिसूचनेने वाढते. सकाळी ज्या गावात ग्रामपंचायत होती, तेथे संध्याकाळी महापालिका असते. सरपंच जातो, नगरसेवक येतो, सातबाऱ्यावरच्या जमिनीला शहरी भाव येतो आणि घरपट्टीची बिले तयार होऊ लागतात. एवढे सारे एका कागदाने साधते. भुयारी गटार मात्र कागदाने वाढत नाही. ते खणावे लागते, उतार धरून टाकावे लागते, त्याच्या शेवटी मैलापाणी शुद्ध करणारे केंद्र उभारावे लागते, आणि या सगळ्याला वर्षे लागतात. कागद आणि गटार यांच्यामधल्या त्या वर्षांत नव्या वसाहतींतील माणसे कशी राहतात, हा प्रश्न सुरत शहराच्या निमित्ताने आम्ही वाचकांपुढे मांडू इच्छितो. विषय ओंगळ आहे, हे आम्हांस ठाऊक आहे. सकाळच्या चहाबरोबर अग्रलेख वाचणाऱ्यास मैल्याची चर्चा रुचणार नाही, हेही आम्ही जाणतो. परंतु ज्या विषयाचे नाव काढताच सभ्य माणसे नाक मुरडतात, त्याच विषयाने अनेक शहरांच्या जन्ममरणाचा निकाल लावला आहे. नाक मुरडून तो टळणारा नाही.

सुरत हे नाव मराठी माणसाला परके नाही. इतिहासाच्या पुस्तकात ते १६६४ आणि १६७० या दोन सालांशी जोडलेले आहे. पण आजचे नाते तलवारीचे नसून मागाचे आहे. तापी खोऱ्यातून जाणारा लोहमार्ग विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर सुरतेहून खानदेशात पोहोचला आणि पुढे धुळे, नंदुरबार, जळगावकडची माणसे त्याच मार्गाने पोटासाठी सुरतेस जात राहिली. यंत्रमागांनी आणि रंगाई-छपाईच्या गिरण्यांनी त्यांना काम दिले. उधना, लिंबायत, दिंडोली, पांडेसरा या भागांत त्यांनी बिऱ्हाडे केली. तेथे आज अहिराणी कानावर पडते, आणि महापालिकेच्या शाळांत मराठीतूनही धडे दिले जातात. कामाच्या शोधात येणारा माणूस जेथे भाडे कमी तेथे खोली घेतो, आणि भाडे कमी असते ते बहुधा जेथे नळ, रस्ता आणि गटार अजून पोहोचलेले नाही तेथेच. शहराच्या कडेची वस्ती ही अशी वाढते. म्हणून सुरतेच्या काठावरील वसाहतींना गटार केव्हा मिळणार, हा वाद दूरच्या कुठल्या नगरीचा नव्हे. तो आपल्याच कितीतरी घरांचा आहे.

या शहराने गलिच्छपणाची किंमत एकदा मोजलेली आहे. १९९४ च्या पावसाळ्यात सुरतेतील सखल वस्त्यांत पाणी साचले, कचरा कुजला, आणि सप्टेंबरात वेड रोड, कतारगाम या बाजूंच्या दाट वस्तीत फुप्फुसाच्या प्लेगाने माणसे मरू लागली. मृतांचा आकडा पन्नासच्या पुढे गेला. त्यापेक्षा मोठा अनर्थ भीतीने केला. काही दिवसांत लाखो माणसे शहर सोडून पळाली, खाजगी दवाखान्यांना कुलपे लागली, हिऱ्यांचे कारखाने आणि कापडबाजार ओस पडला. सुरतेहून सुटलेल्या गाड्या खानदेशात आणि मुंबईत येऊन लागल्या तेव्हा फलाटांवर डॉक्टरांची पथके उभी करावी लागली. परदेशांनी भारताकडील विमानफेऱ्या थांबवल्या. जगाच्या बाजारात ज्या शहराचे नाव हिरे आणि रेशमी कापड यांसाठी घेतले जाई, ते नाव एका आठवड्यात महामारीचे नाव झाले.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. प्लेगाचे जंतू गटारातून येत नाहीत. उंदीर, पिसवा आणि रोग्याचा श्वास या त्यांच्या वाटा आहेत. त्या साथीच्या निदानाबद्दलही पुढे तज्ज्ञांत पुष्कळ वाद झाला. तेव्हा गटारे नव्हती म्हणून प्लेग झाला, असे आम्ही म्हणणार नाही. आमचे म्हणणे निराळे आहे. जे शहर आपल्या काठावरच्या वस्तीतील मैला, कचरा आणि पुराचे पाणी यांच्याकडे वर्षानुवर्षे पाहत नाही, त्या शहरात कोणता रोग कोणत्या दाराने शिरेल हे सांगता येत नाही. आणि एकदा तो शिरला की बंगल्याची कुंपणे त्याला अडवीत नाहीत. १९९४ मध्ये पळणाऱ्यांत मजूर होते तसे मालकही होते.

त्यानंतर जे घडले तेही तितकेच खरे आहे आणि ते सांगताना आम्हांस आनंद वाटतो. मे १९९५ मध्ये एस. आर. राव महापालिका आयुक्त म्हणून आले. त्यांनी शहराचे सहा विभाग पाडले आणि आपल्या हातातील अधिकार विभागप्रमुखांच्या हाती दिले. अधिकाऱ्यांनी सकाळी कचेरीत न बसता वस्तीत फिरावे आणि दुपारी एकत्र बसून काय पाहिले ते सांगावे, असा शिरस्ता घातला. बेकायदा बांधकामे पाडताना गरिबाच्या झोपडीपासून नव्हे तर धनवंतांच्या इमारतींपासून सुरुवात केली. झोपडपट्ट्यांत फरसबंदी, नळ, शौचालये आणि मोऱ्या नेल्या. अवघ्या दीड-दोन वर्षांत, १९९६ मध्ये, सुरतेची गणना देशातील स्वच्छतेत चंदीगडच्या खालोखाल झाली. या कथेत जादू नाही. माणसे तीच, कायदा तोच, तिजोरीही तीच होती. बदलला तो क्रम. जेथे घाण सर्वांत अधिक तेथे काम सर्वांत आधी, हा तो क्रम होय. पुढे २०२३ च्या स्वच्छ सर्वेक्षणात सुरतेला इंदूरच्या बरोबरीने पहिला क्रमांक मिळाला. तीस वर्षांपूर्वी ज्या नगरीपासून लोक पळत होते तिने हे साधावे, याबद्दल तिचे अभिनंदन करण्यात आम्ही कृपणता करणार नाही.

परंतु मधल्या काळात शहर फुगले. प्लेगाच्या वर्षी सुरत महापालिकेचे क्षेत्र १११ चौरस किलोमीटरांच्या आसपास होते. २००६ च्या हद्दवाढीने ते ३२६ वर गेले. २०२० मध्ये सचिन आणि कनसाड या दोन नगरपालिका व २७ ग्रामपंचायती सामील करून घेतल्या गेल्या आणि ते ४६१ चौरस किलोमीटरांवर पोहोचले. म्हणजे एका पिढीच्या आत शहराचे अंग चौपटीहून अधिक वाढले. १९९१ च्या जनगणनेत पंधरा लाखांच्या घरात असलेली वस्ती २०११ मध्ये ४४ लाखांवर गेली होती. वाढ ही काही आपत्ती नव्हे. माणसे येतात ती काम मिळते म्हणून, आणि काम देणारे शहर जिवंत असते. पण अंगरखा वाढत्या अंगाचे माप घेऊन शिवावा लागतो. येथे अंग आधी वाढले आणि शिंप्याला निरोप मागाहून गेला.

त्याचा परिणाम कठोर या गावाने भोगला. तापीच्या उत्तर तीरावरचे हे जुने गाव २०२० च्या हद्दवाढीत सुरतेत आले. वर्षही उलटले नव्हते तोच, मे २०२१ च्या अखेरीस, गावातील विवेकनगर या वसाहतीत जुलाब-उलट्यांची साथ उसळली आणि सहा जणांचा बळी गेला. पिण्याच्या पाण्यात गटाराचे पाणी मिसळल्याचे दिसून आले. भरपाई जाहीर झाली, वाहिन्यांची दुरुस्ती सुरू झाली, पाण्याचे टँकर आले. हे सारे मागाहून झाले. वरातीमागून घोडे धाडण्याची ही परंपरा आपल्याकडे नवी नाही. पण येथे ज्यांच्यासाठी घोडे धाडले त्यांतले सहा जण ते पाहायला उरले नव्हते. कागदोपत्री ते सुरतेचे, देशातील अग्रगण्य स्वच्छ नगरीचे, नागरिक होते. त्यांच्या घराखालची व्यवस्था मात्र अजून गावाचीच होती.

हे अरिष्ट कसे घडते ते समजून घेतले पाहिजे, कारण ते कोणत्याही गावात, कोणत्याही गल्लीत घडू शकते. आपल्याकडे नळाला चोवीस तास पाणी नसते. ते ठरल्या वेळी येते आणि जाते. पाणी येते तेव्हा वाहिनीत दाब असतो आणि फटीतून पाणी बाहेर गळते. पाणी जाते तेव्हा वाहिनी रिकामी होते, आतला दाब ओसरतो, आणि त्याच फटीतून भोवतालची घाण आत ओढली जाते. भोवताली कोरडी माती असेल तर फारसे बिघडत नाही. भोवताली शोषखड्ड्याचा पाझर असेल, ज्याला गुजरातीत खाळकुवो म्हणतात तो भरून वाहत असेल, किंवा तुटक्या मोरीचे पाणी मुरत असेल, तर दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या हंड्याबरोबर ते घरात येते. म्हणून जलवाहिनी वर आणि गटार खाली, दोहोंत पुरेसे अंतर, हा नगर-अभियांत्रिकीतील प्राथमिक नियम आहे. ज्या गावाच्या वाहिन्या पंचायतीने जमेल तशा, जमेल तेव्हा टाकल्या, तेथे हा नियम पाळला गेला असेल असे मानण्याचे धाडस आम्ही करणार नाही.

आता वाढत्या वसाहतीचा हिशेब पाहा. शहरात माणशी रोज १३५ लिटर पाणी द्यावे असे सरकारी प्रमाण आहे, आणि त्यातले सुमारे ८० टक्के सांडपाणी होऊन बाहेर पडते. हजार घरांची वसाहत आणि घरात पाच माणसे धरली, तर रोज साडेपाच लाख लिटरांच्या आसपास घाण पाणी तयार होते. गाव होते तेव्हा विहिरीवरून चार घागरी येत, त्यातले पाणी परसातल्या केळीला जाई आणि शोषखड्डा बिचारा उरलेले पिऊन टाकी. त्याच जागी तीन मजली चाळी उठल्या, घरोघरी नळ आला, आणि खड्डा तोच राहिला. सुरतेची जमीन सपाट, खाड्यांनी चिरलेली आणि भरती-ओहोटीच्या टापूतली. पावसाळ्यात भूजल वर येते आणि खड्डा शोषण्याऐवजी ओकू लागतो. याचा अर्थ एवढाच की गटाराशिवाय दिलेला नळ ही अर्धी सोय आणि अर्धा धोका असतो. पण नळाचे उद्घाटन होते, फीत कापली जाते, छायाचित्र छापून येते. गटाराच्या चेंबरभोवती हार घालून उभे राहण्याची हौस कोणाला असणार? म्हणून नळ आधी येतो, रस्ताही आधी येतो. गटार मागून येते आणि येताना नवा रस्ता पुन्हा खणते.

नव्या वसाहतींना गटार द्यावे की नाही, असे उघडपणे कोणी विचारीत नाही. 'देऊ नये' असे म्हणण्याइतका निष्ठुर कोणी नाही. कोणत्याही महापालिकेच्या सभागृहात वाद असतो तो 'केव्हा', 'कोणाला आधी' आणि 'कोणाच्या पैशाने' या तीन शब्दांचा. या वादात जे आक्षेप नेहमी ऐकू येतात ते सगळेच दुष्टबुद्धीचे नसतात, म्हणून त्यांचा विचार केला पाहिजे.

पहिला आक्षेप पैशाचा. जुन्या शहराने वर्षानुवर्षे कर भरला, त्या पैशाने कालपरवा सामील झालेल्यांची गटारे का बांधावीत? ऐकायला हे न्याय्य वाटते. पण जुन्या शहराची तिजोरी कशाने भरली? २००७ साली गुजरातेत जकात रद्द होईपर्यंत महापालिकेच्या उत्पन्नाचा मोठा भाग जकातीचा होता. सूत, कापड, धान्य, तेल यांवरची ती जकात शहरात येणाऱ्या मालावर होती, आणि तो माल विणणारे, वाहणारे, विकत घेणारे बहुसंख्य लोक काठावरच राहत होते. शिवाय हद्दवाढ होताच जमिनीचे भाव चढतात. गुजरातेत नगररचना योजनेची जुनी आणि चांगली पद्धत आहे. तीत जमीनधारकांच्या जमिनी एकत्र करून, रस्ते व सार्वजनिक जागा काढून, पुन्हा वाटून देतात आणि काही भूखंड विक्रीसाठी महापालिकेकडे ठेवतात. त्या भूखंडांचा पैसा हा त्याच मातीतून उगवलेला पैसा आहे. तो सर्वांत आधी त्याच मातीखालच्या गटारात गेला पाहिजे, पुतळ्यात किंवा दिव्यांच्या रोषणाईत नव्हे.

दुसरा आक्षेप कायद्याचा. काठावरच्या अनेक वसाहती परवानगीवाचून उठल्या, त्यांना सोयी देणे म्हणजे बेकायदेशीरपणाला बक्षीस देणे होय, असे म्हटले जाते. बेकायदा प्लॉट पाडून विकणारा आणि त्याकडे डोळेझाक करणारा अधिकारी या दोघांना शासन व्हावे, याबद्दल आमच्या मनात किंतु नाही. पण त्यांनी केलेल्या पापाचे पाणी त्या प्लॉटवर राहणाऱ्या मुलाने का प्यावे? गटाराची जोडणी म्हणजे मालकीहक्काचा दाखला नव्हे, असे एका ओळीत लिहून घेता येते. मुंबई प्रांतिक महानगरपालिका अधिनियम १९४९ चा. सुरतेचा कारभार आजही त्याच्याच गुजराती अवतारावर चालतो आणि महाराष्ट्रातील बहुतेक महापालिकांचाही त्याच्याच मराठी अवतारावर. त्या कायद्याने मैला गोळा करणे व त्याची विल्हेवाट लावणे हे महापालिकेच्या बंधनकारक कर्तव्यांत घातले आहे, ऐच्छिक कर्तव्यांत नव्हे. ज्याच्या घरचा मैला, त्याच्याकडे सातबारा असेल तरच हे कर्तव्य लागू होते, असा अर्थ त्यातून काढता येणार नाही.

तिसरा आक्षेप अभियंत्यांचा, आणि तो मात्र आम्ही मान्य करतो. गल्लीत नुसता पाइप टाकून गटार होत नाही. पाइप मुख्य वाहिनीला, मुख्य वाहिनी उपसा केंद्राला, उपसा केंद्र शुद्धीकरण केंद्राला जोडलेले हवे. सपाट जमिनीत उताराने पाणी फार दूर जात नाही, ते ठिकठिकाणी उपसून पुढे ढकलावे लागते. ही साखळी पुरी न करता गल्लीतली गटारे घाईने सुरू केली तर मैला फक्त एका दारातून दुसऱ्या दारात जातो, किंवा रात्रीच्या अंधारात खाडीत सोडला जातो. लिंबायतेतून वाहणारी मिठी खाडी पावसाळ्यात फुगून घरांत शिरते तेव्हा ती काय काय घेऊन येते, हे तेथील रहिवाशांना विचारावे. म्हणून घाई नको, हे आम्हांस पटते. पण 'घाई नको' याचा अर्थ 'तारीखही नको' असा नव्हे. साखळीची कोणती कडी कोणत्या वर्षी पुरी होणार हे ज्या अभियंत्याला ठाऊक असते, त्याने ते रहिवाशांना का सांगू नये?

आणि ही साखळी पुरी झाली तर ती तोट्याचाच व्यवहार असते असेही नाही, हे सुरतेनेच देशाला दाखवले आहे. २०१४ पासून बमरोली येथे रोज चार कोटी लिटर सांडपाणी इतके शुद्ध करण्याची सोय झाली की ते पांडेसऱ्याच्या रंगाई-छपाईच्या गिरण्यांना विकता यावे. ज्या पाण्याची लाज वाटत होती त्याला गिऱ्हाईक मिळाले, आणि तापीतून तेवढे स्वच्छ पाणी उपसावे लागले नाही. ही युक्ती जाणणाऱ्या नगराने काठावरच्या वसाहतींचे मैलापाणी हा केवळ खर्चाचा डोंगर आहे असे म्हणू नये.

गटाराला विरोध करणाऱ्यांची परंपरा आपल्याकडे जुनी आहे, हेही प्रांजळपणे नमूद केले पाहिजे, आणि त्या परंपरेत नागरिकही मागे नाहीत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अहमदाबादेत रणछोडलाल छोटालाल यांनी नळाचे पाणी आणि भुयारी गटार ही दोन कामे हाती घेतली तेव्हा करदात्यांनीच त्यांना कडवा विरोध केला. कर वाढेल, घरे खचतील, धर्म बुडेल, अशी कारणे काढणाऱ्यांना तोटा नव्हता. ते गृहस्थ गिरणीमालक होते, त्यांना लोकप्रियतेची हाव नव्हती, म्हणून ते टिकले. त्याच नगरपालिकेत १९१७ साली वल्लभभाई पटेल निवडून गेले ते आरोग्य समितीचे काम अंगावर घेऊन, आणि १९२४ ते १९२८ या काळात ते तिचे अध्यक्ष होते. पुढे ज्यांनी संस्थाने विलीन केली त्यांनी आधी मोऱ्या आणि नळ यांचे कागद वाचले होते. त्याहीआधी, १८९६ साली, प्लेगाच्या भीतीने राजकोटात नेमलेल्या समितीत तरुण गांधीजी घरोघरचे संडास तपासीत फिरले. गरिबांनी दार उघडले आणि सुचवलेल्या सुधारणाही मानल्या. मोठ्या घरांनीच खळखळ केली, आणि घाणही तेथेच अधिक आढळली. आमचे स्वातंत्र्य ज्या पिढीने मिळवले ती संडासाचा विषय कमी प्रतीचा मानीत नव्हती. रत्नागिरीच्या तुरुंगात भंगीकाम करण्याचा हक्क मिळावा म्हणून अप्पासाहेब पटवर्धनांनी उपोषण केले आणि पुढे कणकवलीच्या गोपुरीत मैल्याचे खत आणि माणसाची मुक्ती हा एकच विषय मानून आयुष्य घालवले. स्वराज्याची व्याख्या त्यांना पुस्तकात शोधावी लागली नाही.

अप्पासाहेबांची आठवण येथे आणखी एका कारणासाठी काढावीशी वाटते. जेथे गटार नाही तेथे टाकी असते, आणि टाकी भरली की ती उपसायला कोणाला तरी बोलवावे लागते. २०१३ च्या कायद्याने माणसाला गटारात अथवा टाकीत उतरवण्यास बंदी आहे. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूबद्दल दहा लाखांची भरपाई ठरवली आणि २०२३ साली ती तीस लाखांवर नेली. भरपाईचा आकडा वाढवावा लागतो, याचाच अर्थ माणसे अजून आत उतरत आहेत आणि वर येत नाहीत. म्हणून गटाराची योजना मंजूर करणाऱ्या प्रत्येक सभागृहाने त्याच ठरावात ते साफ करणाऱ्या यंत्राचाही पैसा मंजूर करावा. ज्या सोयीसाठी दर वर्षी कोणाच्या तरी घरचा कर्ता माणूस खर्ची पडतो, ती सोय सुधारलेल्या समाजाची नव्हे.

सुरतेकडे बोट दाखवून महाराष्ट्राने समाधान मानावे, असे काही नाही. पुण्याची हद्द २०१७ साली ११ गावांनी आणि २०२१ साली आणखी २३ गावांनी वाढली, आणि क्षेत्राने पुणे राज्यातील सर्वांत मोठी महापालिका झाली. त्यांपैकी फुरसुंगी आणि उरुळी देवाची या दोन गावांनी कर येतो पण सोयी येत नाहीत म्हणून पुन्हा बाहेर पडण्याचा आग्रह धरला आणि अखेर त्यांच्यासाठी वेगळी नगरपरिषद करावी लागली. जी गावे आत राहिली त्यांतील नांदेड, किरकटवाडी, धायरी, खडकवासला या पट्ट्यात जानेवारी २०२५ मध्ये हातपाय लुळे पाडणाऱ्या गुइलेन-बॅरे आजाराने थैमान घातले आणि संशय दूषित पाण्यावर गेला. कठोर आणि किरकटवाडी यांच्यामध्ये साडेतीनशे किलोमीटरांहून अधिक अंतर असेल; कथा मात्र एकच आहे. शहराने गावाला आपले म्हटले, त्याची जमीन आणि त्याचा कर घेतला, आणि आपले आरोग्य त्याला द्यायचे राहून गेले.

यावर उपाय काय, असे कोणी विचारील. आमच्या मते उपाय अवघड नाही. अवघड आहे ती शिस्त. हद्दवाढीच्या प्रत्येक अधिसूचनेबरोबर गटाराचे वेळापत्रक आणि त्यासाठी राखून ठेवलेला पैसा जाहीर झाला पाहिजे. तो जाहीर करता येत नसेल तर हद्द वाढवू नये. शुद्धीकरण केंद्र आणि मुख्य वाहिनी आधी, गल्लीतील वाहिनी नंतर, घरजोडणी त्यानंतर आणि रस्ता सर्वांत शेवटी, हा क्रम नगरसेवकाच्या हट्टासाठी बदलू नये. गटार पोहोचेपर्यंतच्या काळात तेथील नळाचे पाणी रोज तपासावे, क्लोरिनचे प्रमाण वसाहतीच्या फलकावर लिहावे, टाक्या यंत्राने उपसून तो मैला शुद्धीकरण केंद्रावरच नेला जातो की ओढ्यात, यावर नजर ठेवावी. जोडणीचा खर्च ज्याला एकदम झेपत नाही त्याच्याकडून तो घरपट्टीत थोडा थोडा वसूल करावा, पण त्यापायी जोडणी अडवू नये. एका घराची मोरी उघडी राहिली तर साऱ्या गल्लीचे गटार व्यर्थ जाते. आणि जोवर गटार पोहोचत नाही तोवर मलनिस्सारणाचा कर मागू नये. जे दिले नाही त्याचे मोल मागणे हे व्यापाऱ्यालाही शोभत नाही, मग नगरपित्यांना कसे शोभावे?

आम्ही रहिवाशांनाही चार शब्द सांगू. गटार हवे म्हणून मोर्चा काढणारे आपणच, आणि उपसा केंद्र आपल्या सोसायटीशेजारी नको म्हणून दुसरा मोर्चा काढणारेही आपणच. मैला आपल्या घरातून निघावा पण कोणाच्याच घराजवळून जाऊ नये, ही अपेक्षा कोणताही अभियंता पुरी करू शकणार नाही. गच्चीवरचे पावसाचे पाणी गटारात सोडणे, त्यात प्लॅस्टिक आणि चिंध्या टाकणे, कर थकवून वर तक्रार करणे, ही कामे करताना आपण कोणाच्या पायावर धोंडा मारतो याचा विचार केला पाहिजे. आणि जे कारखानदार रंगाचे पाणी रात्री गुपचूप चेंबरमध्ये ओततात त्यांना तर आम्ही नागरिक म्हणणार नाही. मैला शुद्ध करणारे जिवाणू त्या रसायनांनी मरतात, आणि मग कोट्यवधींचे केंद्र नुसते पाणी पुढे ढकलीत राहते.

सुरत हे संकटातून शिकलेले शहर आहे. १९९४ मध्ये ते शिकले, आणि ऑगस्ट २००६ मध्ये तापीच्या महापुराने शहराचा बहुतेक भाग बुडवला तेव्हाही चिखल उपसून उभे राहिले. म्हणूनच त्याच्याकडून अपेक्षा अधिक आहे. १९९५ साली त्याने जो धडा देशाला दिला तो झाडूचा नव्हता. सर्वांत वाईट वस्तीपासून सुरुवात करा, हा तो धडा होता. आज सर्वांत वाईट वस्ती जुन्या कोटाच्या आत नाही. ती ४६१ चौरस किलोमीटरांच्या नकाशाच्या कडेला आहे, जेथे पाटीवर महापालिकेचे नाव आहे आणि जमिनीखाली खाळकुवो. पहिल्या क्रमांकाचे प्रशस्तिपत्र महापालिकेच्या दालनात अवश्य लावावे. पण ते खरे आहे की नाही, हे ठरवण्याचा अधिकार परीक्षकांचा नव्हे. तो अधिकार कठोरच्या विवेकनगरात रोज सकाळी नळाखाली हंडा लावणाऱ्या बाईचा आहे. हंड्यातले पाणी नाकाजवळ नेऊन पाहण्याची तिची सवय ज्या दिवशी सुटेल, त्या दिवशी सुरतेची हद्द खऱ्या अर्थाने तिच्या दारापर्यंत पोहोचली असे आम्ही समजू.